मेंढीच्या गळ्यात टेलिफोन

‘तुझे नातेवाईक दारादाराला टांगलेले सापडले. ओळख पटवायला ये.’ असा निरोप मोबाइलवर आला आणि त्याखाली एक फोटो.

निरोप माझ्या मावसबहिणीचा, कुंदाचा. ती पुण्याच्या पश्चिम टोकाला बावधनला राहते आणि तिला माझी थट्टा केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. फोटोत एक दार होतं, आणि दाराला मूठ म्हणून दोन स्क्रूंनी आवळून बसवलेला, काळा, जडशीळ, जुन्या डायलच्या फोनचा रिसीव्हर. मी अशी किंचाळले की शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, पाल अंगावर पडली.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सोलापुरात आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी जुने टेलिफोन दुरुस्त करते. हे ऐकलं की लोकांच्या चेहऱ्यावर दोन प्रश्न उमटतात. एक, ‘का?’ आणि दुसरा, ‘मिस्टर काही म्हणत नाहीत?’ मी दोन्हींकडे दुर्लक्ष करते. माझा नियम एकच. फोन ज्या काळचा, त्याचा सुटा भागही त्याच काळचा. जुन्या फोनला नवा भाग लावणं म्हणजे नऊवारीला चेन शिवणं. चालतं, दिसतं, पण पदराआड कुठेतरी आपली आजेसासू डोळे वटारून उभी आहे असं वाटत राहतं.

या वेळी मात्र प्रश्न माझ्या हट्टाचा नव्हता. तो सुमतीबाईंच्या कानांचा होता.

सुमतीबाई आमच्या गल्लीत राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. ‘बोला सोलापूर, बोला हुबळी’ करत त्यांनी किती घरांची लग्नं, बारशी आणि मयती जोडून दिल्या त्याला गणती नाही. त्यांचा काळा फोन अजून घरात आहे. डायल फिरवून आता नंबर लागत नाही, पण बाहेरून आलेला फोन वाजतो. अशा फोनच्या पोटात धातूच्या दोन वाट्या असतात. एकीचा आवाज बारीक, दुसरीचा ढाला, म्हणजे खर्जातला. मधली चिमुकली हातोडी दोघींना आळीपाळीने मारते आणि आपली ती ‘ट्रिंग’ तयार होते. सुमतीबाईंच्या फोनची ढाली वाटी तडकली, आणि उरली फक्त बारीक.

आता गंमत अशी, आणि ही गंमत अजिबात नाही, की म्हातारपणी कान आधी बारीक आवाजांना सोडतात. सुमतीबाईंना ट्रक ऐकू येतो, ढोल ऐकू येतो, मी तर येतेच. पण ती एकटी बारीक वाटी जीव तोडून वाजते आणि त्या शेजारीच शांत बसलेल्या असतात. हुबळीची त्यांची जुनी ऑपरेटर मैत्रीण रोज संध्याकाळी सहाला फोन करते. तेव्हा त्या फोनवर तळहात ठेवून बसतात. घंटा वाजली की फोन थरथरतो, ती थरथर हाताला कळते. रिसीव्हर कानाला घट्ट दाबला की बोलणं अजून समजतं. बाकीच्या वेळी आलेले फोन मात्र वाजून वाजून विझतात. मोबाइल त्यांनी दोनदा परत केला.

मी दिल्लीहून नवी बनवलेली वाटी मागवली. चकचकीत, नखरेल. बसवली, वाजवली. सुमतीबाई माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “काही वाजलं का?”

नवीचा पत्रा पातळ, म्हणून आवाजही बारीक. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे उरलंय तेही हळूहळू जाणार. सुमतीबाई म्हणाल्या, “त्याच्या आत माझी घंटा मला ऐकव. मग कान गेले तरी चालतील, बडबड्या लोकांची तेवढी सुट्टी होईल.” असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

म्हणून तो फोटो बघून मी आधी किंचाळले आणि लगेच पिशवी भरायला घेतली. जिथे रिसीव्हर आहेत, तिथे वाट्याही असणार.

घोटावडे

बावधनहून आम्ही निघालो आणि चांदणी चौकातल्या नव्या पुलांवर कुंदाने गाडी अशी घातली की आम्ही पुन्हा बावधनलाच आलो. कुंदा म्हणाली, “हे पूल झाल्यापासून माणूस मुळशीला निघतो आणि साताऱ्याला जेवतो. आपण घरीच पोचलो, हे नशीब समज.” दुसऱ्या खेपेला पुलाने दया केली. पिरंगुट मागे पडलं, कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या, आणि दोन भिंतींच्या मध्ये अचानक कापणी झालेली भाताची खाचरं. आमच्या सोलापूरकडे कारखाना असला की कारखाना, शेत असलं की शेत. इथे दोघं एका पलंगावर पाय आखडून झोपल्यासारखे.

फोटोतली इमारत तात्यांची. तात्या तिथले पिढीजात जमीनवाले. शेताच्या एका तुकड्यावर त्यांनी तीन मजले चढवलेत आणि खोल्या हिंजवडीत काम करणाऱ्या आयटीच्या मुलांना भाड्याने दिल्यात. कपाळाला अष्टगंध, गळ्यात बोटाएवढी चेन, पायात स्लीपर.

“या, म्याडम. खोली बघायची का?”

“मूठ बघायचीय,” मी म्हणाले.

“क्काय?”

उत्तर द्यायच्या आतच मी जिना चढले होते. वर गेले आणि बघते तर काय! लांबलचक व्हरांडा, ओळीने दारं आणि प्रत्येक दाराला एक रिसीव्हर! जणू अख्ख्या एक्स्चेंजला फाशी दिलेली. त्यांवर ऑइलपेंटचा हात मारलेला. एकाला हिरवा, एकाला गुलाबी.

“भंगारवाल्याकडं पोतं पडलं हुतं,” तात्या अभिमानाने सांगू लागले. “कुटल्या तरी हापिसातनं निघालेलं. म्या हातात धरलं, म्हनलं ह्ये तर मुठीला झकास बसतंय. आयटीच्या पोरांना आसलं लई आवडतं बगा. दारं बदलली आन् भाडं वाढवलं.”

तेवढ्यात एक दार उघडून केस विस्कटलेला एक मुलगा बाहेर आला. माझी नजर मुठीवर खिळलेली पाहून तो कौतुकाने म्हणाला, “आंटी, व्हिंटेज है ना?”

“बेटा, व्हिंटेज है, लेकिन उलटा है,” मी म्हणाले. खरंच उलटा होता! ऐकायची बाजू खाली, बोलायची वर. सगळ्या व्हरांड्यात एकही रिसीव्हर सुलटा नव्हता. मला राहवलं नाही, मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. कुंदाने माझा दंड धरला. “त्या पोराला आत-बाहेर करायचंय फक्त. दाराशी बोलायचं नाहीये त्याला.”

दुसरा धक्का खाली स्वयंपाकघरात होता. तात्यांच्या पत्नी, काकू, पाटावर बसून एका न रंगवलेल्या रिसीव्हरने लसूण ठेचत होत्या. “फुटेल हो तो!” मी ओरडले. “न्हाई फुटत,” काकू म्हणाल्या. “आदीचा फुटला, ह्यो दुसरा हाय.” आणि मला पुढचं काही बोलता येऊ नये म्हणून त्यांनी ताट वाढलं. इंद्रायणीचा वाफाळता, चिकट भात, त्यावर वालाचं कालवण आणि तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. आम्ही सोलापूरची माणसं. आमची भाकरी कडक, पापडासारखी मोडून खायची. ही हातात घेतली तर ओल्या रुमालासारखी लवली. आणि लसणाचा तो ठेचा, देवा शप्पथ, इतका चांगला की बोलायच्या बाजूला अजून वास असेल का, असा विचार मनात आला आणि मी त्याला हाकलून लावला.

पोटात भात गेल्यावर मी मुद्द्यावर आले. “तात्या, फोनच्या पोटातल्या वाट्या असतील ना? घंटेच्या?”

“त्या व्हय? बाकी समदं भंगारात गेलं. वाट्या ठकूबाईला दिल्या.”

“कोण ठकूबाई?”

“कासारसाईच्या माळावरची. मेंढरं हायेत तिची. सुगी झाल्यावर आमच्या खाचरात बसवतो आमी.” मेंढरं बसवायची म्हणजे मोकळ्या शेतात काही रात्री कळप मुक्कामाला ठेवायचा. शेताला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. “गेल्या सालची गोष्ट. दानं तर दिलंच, पर ती पोत्यात हात घालून म्हनती, तात्या, ह्या वाट्या द्या. मेंढराच्या गळ्यात बांदते.”

माझा घास तोंडाशी तसाच थांबला.

“गळ्यात?” मी म्हणाले.

“गळ्यात,” कुंदा म्हणाली. “चल, आता जनावरांच्या डॉक्टरला विचारू, तुझा सुटा भाग कुठल्या काळचा ते.”

कासारसाईचा माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळावर पोचलो. खाली कासारसाईच्या धरणाचं पाणी आरशासारखं, पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती उन्हात चमकत होत्या, आणि आमच्या पायाखाली गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. सोलापूरच्या माळाला एक रंग असतो, मातीचा. इथल्या माळावर पिवळ्याच्याच इतक्या जाती की साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटावं. कळप कुठे दिसेना. मग टेकाडामागून आवाज आला.

ठण्ण.

मी जागच्या जागी उभी. पुन्हा, ठण्ण. भरदार, गोल, ढाला. गर्दीत आई आपल्या पोराचं रडणं ओळखते तसं मी ओळखलं. गेले कित्येक महिने मी हा आवाज जुन्या बाजारात, भंगारात, ओळखीपाळखीत शोधत होते आणि तो इथे डोंगरावर गवत खात फिरत होता! मी धावत सुटले, आणि चार पावलांवर घाणेरीच्या झुडपात सपशेल आडवी झाले.

“कोन पडलं गं तितं?”

झुडपातून वर पाहिलं तर ठकूबाई. उंच, हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी, कमरेला मोबाइल खोचलेला. तिच्या मागे तिचे मालक, धोंडिबा, काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे असे बघत होते जसं काही रोज कुणीतरी तिथे पडतंच.

“कुटल्या गावची?”

“सोलापूर.”

“आन् पडाय हितवर आलीस व्हय?” असं म्हणत तिने मला एका हाताने उपटून उभं केलं. “सोलापूरची आन् चादर न्हाई आनली?”

मी अंगातले काटे काढत काढत सगळं सांगितलं, म्हणजे वाटीपुरतं सांगितलं. तोवर ती घंटावाली मेंढी स्वतःच समोर आली. नाव चंद्री. काळं तोंड, कपाळावर पांढरा ठिपका आणि गळ्यात सुताच्या दोरीत ओवलेली माझी वाटी. आत जीभ म्हणून एक नटबोल्ट. मी हात पुढे केला तशी चंद्रीने माझी ओढणी चघळायला घेतली.

“ह्यी घंटा न्हाई मिळायची,” ठकूबाई म्हणाली. “बाकीच्या समद्या माळावर पडून गेल्या, ही येकच ऱ्हायली. चंद्री म्होरकी हाय. ती चालली की समदी चालत्यात. ही वाजली की समद्यांस्नी कळतं, कुटं जायाचं. मालकांनी हाका मारल्या तर एक मेंढरू मान वर करत न्हाई.”

“मीबी न्हाई करत तिच्या हाकंला,” धोंडिबा म्हणाले. पूर्ण दिवसातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

मी पिशवीतून दिल्लीची वाटी काढली. “अदलाबदल करू. ही नवी, तुम्हाला. जुनी मला.”

ठकूबाईने नवीला नखाने टिचकी मारली. “ही चहाच्या कपावानी वाजतीया.” मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि ते चांगलं नव्हतं. “बांदून बगू. माझ्या मेंढरांनी ऐकलं तर जुनी तुझी. न्हाई ऐकलं तर मला चादर. डब्बल बेडची.”

कुंदा हळूच म्हणाली, “नाही म्हण.” मी हो म्हणाले.

जुनी सोडली, नवी बांधली. धोंडिबांनी चंद्रीला पाण्याच्या वाटेला लावलं. टिण टिण करत चंद्री ऐटीत निघाली. दहा-बारा पावलं गेली आणि थांबली, कारण मागे कुणीच नव्हतं. अख्खा कळप जिथल्या तिथे उभा, माना वर, एकमेकींकडे बघत. आणि मग, कुणी सांगितलं देव जाणे, सगळ्या वळल्या आणि उतारावरून भलतीकडेच सुटल्या.

उताराखाली एक रिसॉर्ट होतं. रिसॉर्टला हिरवंगार लॉन होतं. लॉनवर कुठल्याशा कंपनीची माणसं डोळ्यांवर पट्ट्या बांधून, एकमेकांचे हात धरून, ‘विश्वास’ नावाचा काहीतरी खेळ खेळत होती. मेंढ्यांचा लोंढा कुंपणाच्या फटीतून आत घुसला. पट्टी बांधलेल्या एका गृहस्थांनी हात पुढे केला आणि मोठ्या भरवशाने एका मेंढीचा कान धरला. “अमित?” ते म्हणाले.

मी तोंडात पदर कोंबला. माझ्याकडे पदर नव्हता, कुंदाचा स्टोल कोंबला.

आता किंकाळ्या, धावपळ, मॅनेजर, कुणाचा बूट, कुणाची बाटली. ठकूबाईच्या हाका वाया, काठ्या वाया. मग धोंडिबा सावकाश कुंपणावर चढले. हातात ती जुनी वाटी होती. त्यांनी ती उचलून वाजवली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

लॉनवर एकदम शांतता. सगळ्या मेंढ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या आणि माणसांच्या पायांतून वाट काढत त्या ओळीने धोंडिबांकडे परत आल्या. खरं सांगते, तीन-चार माणसांनी नकळत फोनसाठी खिसे चाचपले.

मॅनेजर तणतणत आला. ठकूबाईने त्याला बोलूच दिलं नाही. “फुकाट लॉन कापून दिलं, वर खत टाकलं. उपकार मान.”

परत माळावर आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली. “चादर,” म्हणाली.

मी मान खाली घातली. जुनंच हवं, त्याच काळचंच हवं, असं आयुष्यभर लोकांना ऐकवणारी मी, आणि आज मीच नकली माल घेऊन आले होते. आणि तो नाकारला कुणी, तर मेंढ्यांनी!

बाभळीखाली

भाकरी सोडून बसलो. मी सोलापूरची शेंगाचटणी काढली, ठकूबाईने शेळीच्या दुधाचा चहा दिला. पहिल्या घोटाला मी दचकले, दुसऱ्याला सावरले, तिसऱ्याला कप पुढे केला. चटणी चाखून तिने जीभ टाळ्याला लावली. “चादर एकच आन. पर ही आनिक आन.” मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “येवढी घाई कुनासाठी हाय गं तुला?”

तेव्हा मी सुमतीबाईंचं सांगितलं. कान, बारीक आवाज, डॉक्टर, तळहात.

“म्हंजे फोन आला तर म्हातारीला कळतच न्हाई?”

“सहा वाजता हात ठेवून बसतात तेवढंच. एरवी नाही.”

“लाव बरं.”

मी नंबर लावला आणि मोबाइल स्पीकरवर टाकून दगडावर ठेवला. पलीकडे, पावणेतीनशे किलोमीटरवर म्हणा नाहीतर जगाच्या टोकाला म्हणा, घंटा वाजायला लागली. वाजत राहिली.

“उचलत न्हाई,” ठकूबाई म्हणाली.

“ऐकू येत नाहीये.”

“घरात हाय का पर?”

“फोनच्या शेजारच्या खुर्चीत असतील. या वेळी तांदूळ निवडतात.”

आम्ही चौघं त्या दगडाभोवती बसून एक फोन वाजताना ऐकत होतो, आणि ज्यांच्यासाठी वाजत होता त्या हाताच्या अंतरावर बसून ऐकत नव्हत्या. शेवटी तो आपोआप कापला गेला.

ठकूबाईने चहाचा चोथा गवतात फेकला. उठली. चंद्रीला ओढत आणलं, जुनी वाटी तिच्या गळ्यात बांधली आणि मग माझ्याकडे हात पसरला. “ती कपावानी वाजनारी दे.”

“कशाला?”

“दोनी बांदते. म्हातारीचा कान काय आता नवं शिकत न्हाई. माझी मेंढरं तरनी हायेत, ती शिकत्यात.”

मग तिने रीत सांगितली. म्होरकी म्हातारी झाली, घंटा फुटली, की असंच करायचं. नवी आणि जुनी एकाच गळ्यात. कळपाला दोन्ही एकदम ऐकायची सवय लागली की जुनीच्या जिभेला चिंधी गुंडाळायची. आज एक वेढा, चार दिवसांनी आणखी एक. जुनीचा आवाज हळूहळू विझत जातो, नवीचा उरतो, आणि मेंढरांना कधी बदललं ते कळतही नाही. “एकदम काडून घ्येतली म्हनून बावचाळली सकाळी,” ती म्हणाली. “म्या तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. चादर पायजे हुती.”

इतकी गोड लबाडी मी स्वतःसुद्धा कधी केलेली नाही!

“किती दिवस लागतील?”

“शिमग्यापत्तुर.”

शिमगा! डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मेंढ्यांचे कान शिकेपर्यंत सुमतीबाईंचे टिकतील का? घाई करता येईल का, असं मी दोनदा विचारलं. ठकूबाई म्हणाली, “घाई केली तर पुन्यांदा लॉनवर.”

सहा वाजता

हुबळीच्या मैत्रिणीची आधी माफी मागून घेते, कारण त्या संध्याकाळी सहा वाजायला थोडं कमी असतानाच मी सुमतीबाईंना फोन लावला. कळप वाघरात शिरत होता. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळीचं कुंपण. एका घंटेतच फोन उचलला गेला. हात जागेवर होता.

मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. मग ठकूबाईने मोबाइल घेतला आणि सरळ चंद्रीच्या गळ्याशी धरला. चंद्रीने मान झटकली.

पलीकडून सुमतीबाई हळू म्हणाल्या, “एक ऐकू आली. ढाली. हीच.”

“पण वेळ लागेल हो,” मी म्हणाले. “शिमग्यापर्यंत. मेंढरं शिकेपर्यंत थांबावं लागेल.”

सुमतीबाईंचा आवाज बदलला. मी त्यांना तीस वर्षं ओळखते, हा आवाज कधी ऐकला नव्हता. सरळ, स्वच्छ, नाकात किंचित चढलेला. कामावरचा आवाज. “त्या बाईंना द्या,” त्या म्हणाल्या. आणि मग, “अर्जंट की ऑर्डिनरी?”

ठकूबाई माझ्याकडे बघायला लागली. मी समजावलं. पूर्वी परगावचा फोन आधी नोंदवावा लागे. साधा असला तर लागेल तेव्हा लागेल, अख्खा दिवस बसून राहा. अर्जंट असला तर दाम दुप्पट, पण लवकर.

ठकूबाईने मोबाइल तोंडाशी नेला. “आजे, मेंढराला अर्जंट कळत न्हाई.”

“मग ऑर्डिनरी,” सुमतीबाई म्हणाल्या. “नोंद केली. मी जन्मभर लोकांना ताटकळत ठेवलंय. आता माझी पाळी. लाइन सोडू नका.”

सोलापूर

परत येऊन आता काही आठवडे झाले. चादर पाठवली, डबल बेडची, सोबत शेंगाचटणीचा डबा. कुंदाने कळवलं की तात्यांनी एक रिसीव्हर सुलटा करून घेतला, माझ्या आठवणीत. बाकीचे अजून लटकतायत. सुमतीबाईंची पुन्हा तपासणी झाली. बातमी फार चांगली नव्हती. त्या म्हणाल्या, “उरलेलं जपून वापरतेय. बातम्या बंद केल्या. भजनाला जाते, पण पुढे बसत नाही.”

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. हुबळीचा फोन येऊन गेला, गप्पा झाल्या, रिसीव्हर ठेवला. तरी त्यांचा तळहात फोनवरच.

“आता कोणाचा?” मी विचारलं.

“गप्प बस. कॉल यायचाय.”

फोन थरथरला. त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला दाबला आणि पाठ ताठ केली. पलीकडून ठकूबाईचा आवाज खोलीभर पसरला. चिंधीचा दुसरा वेढा घातला होता, निम्मी मेंढरं आता नवीला वळत होती, एक काळी तेवढी हट्टी होती. मग खसखस, मग चंद्रीने मान झटकली असावी. मला दोन्ही ऐकू आल्या. बारीक आणि ढाली, एकीमागून एक. चिंधीतून दबलेली असली तरी अख्ख्या फोनची घंटा, पुरती, जशी कारखान्यातून बाहेर पडली होती तशी. आणि ती वाजत होती एका मेंढीच्या गळ्यात.

मी सुमतीबाईंकडे बघितलं. त्यांच्यापर्यंत त्यातली एकच पोचत होती, तीही दिवसेंदिवस दबत जाणारी. पण त्यांनी डोळे मिटले होते, मोकळा हात फोनवर तसाच होता, आणि त्या कामावरच्या आवाजात म्हणत होत्या,

“बोला मुळशी, बोला. ऐकू येतंय.”